थांबा आणि वेळ : मुंबई उपनगरी रेल्वेवरील जलद-धीम्या विभागणीचा ऐतिहासिक अभ्यास

प्रास्ताविक

मुंबई शहराच्या आर्थिक व सामाजिक इतिहासात रेल्वेचे स्थान निर्विवाद आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे या २१ मैलांच्या मार्गावर धावलेल्या पहिल्या प्रवासी गाडीविषयी, तसेच रेल्वेमुळे कापूस व्यापाराला, गिरण्यांना आणि बंदराला मिळालेल्या चालनेविषयी विपुल लेखन झाले आहे. या लेखनाचा भर प्रामुख्याने रेल्वेमार्ग कोठून कोठे गेला, यावर आहे. त्या मार्गावर गाडी मधल्या कोणत्या स्थानकावर थांबली आणि कोणत्या स्थानकावरून न थांबता पुढे गेली, हा प्रश्न मात्र तुलनेने उपेक्षित राहिला आहे. वास्तविक उपनगरात राहणाऱ्या नोकरदाराच्या दृष्टीने रेल्वेमार्ग घराजवळून जातो की नाही, यापेक्षा गाडी तेथे थांबते की नाही, हीच बाब निर्णायक असते. मुंबईकराच्या बोलण्यातील ‘फास्ट’ आणि ‘स्लो’ हे दोन शब्द त्याच्या दिवसाची घडी, घराची निवड आणि घरभाड्याचा हिशेब ठरवीत आले आहेत. २००५ साली प्रदर्शित झालेल्या निशिकांत कामत दिग्दर्शित मराठी चित्रपटाचे ‘डोंबिवली फास्ट’ हे शीर्षक कोणत्याही स्पष्टीकरणाशिवाय प्रेक्षकांना उमगले, यातच या विभागणीची लोकमानसातील रुजवण दिसून येते.

प्रस्तुत निबंधात मुंबईच्या उपनगरी रेल्वेवरील थांब्यांच्या रचनेचा ऐतिहासिक विकास तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

उद्दिष्टे व गृहीतक

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.
१. उपनगरी रेल्वेवरील जलद व धीम्या गाड्यांच्या विभागणीमागील तांत्रिक कारणे स्पष्ट करणे.
२. या विभागणीचे ऐतिहासिक टप्पे निश्चित करणे.
३. लोकवस्ती व रोजगाराची केंद्रे बदलल्यानंतर थांब्यांची रचना कितपत बदलली, याचे परीक्षण करणे.

थांब्यांची रचना वेळापत्रकातून ठरत असल्याचे दिसत असले, तरी तिचा पाया पूर्वी बांधलेल्या मार्गिका व फलाटांत असतो. त्यामुळे एका काळातील शहरासाठी घेतलेला बांधकामाचा निर्णय पुढील अनेक पिढ्यांतील प्रवाशांच्या वेळेचे वाटप करीत राहतो, हे या अभ्यासाचे गृहीतक आहे. अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. अभ्यासाची व्याप्ती मध्य रेल्वेचा मुख्य मार्ग व पश्चिम रेल्वेचा उपनगरी मार्ग यांपुरती मर्यादित असून हार्बर मार्गाचा विचार तुलनेपुरता केला आहे.

थांब्याचे अर्थशास्त्र

थांब्याला किती वेळ लागतो, हे प्रथम पाहणे आवश्यक आहे. उपनगरी गाडी मधल्या स्थानकावर साधारणतः वीस ते तीस सेकंद उभी असते. परंतु खर्ची पडणारा वेळ एवढाच नसतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने येणाऱ्या गाडीला वेग कमी करावा लागतो आणि थांब्यानंतर पुन्हा तोच वेग गाठावा लागतो. हा वेळ धरला, तर एका थांब्याची किंमत एक मिनिटाहून थोडी अधिक भरते. दहा-बारा स्थानके गाळली, की दहा ते पंधरा मिनिटे वाचतात. बोरिवली ते चर्चगेट हा प्रवास धीम्या गाडीने साधारण पासष्ट मिनिटांचा, तर जलद गाडीने सुमारे पन्नास मिनिटांचा होतो, त्याचे कारण हेच आहे.

मात्र वाचलेला हा वेळ कोणाच्या तरी वाट्यातून येतो. उदाहरणादाखल असे समजावे की एका जलद गाडीत ४,००० प्रवासी आहेत आणि तिला एक नवीन थांबा दिला. प्रत्येकाचे एक मिनिट गेले, म्हणजे एकूण ४,००० मिनिटे खर्ची पडली. त्या नव्या थांब्यावर ३०० प्रवासी चढले आणि धीम्या गाडीऐवजी जलद गाडी मिळाल्याने त्यांची प्रत्येकी १५ मिनिटे वाचली, तर ४,५०० मिनिटांची बचत झाली. या हिशेबाने थांबा समर्थनीय ठरतो. परंतु आधीच खच्चून भरलेल्या गाडीत ३०० ऐवजी २०० प्रवासीच चढू शकले, तर बचत ३,००० मिनिटांवर येते आणि तोच थांबा तोट्याचा ठरतो. म्हणजे गर्दी जितकी अधिक, तितका मधल्या स्थानकाचा दावा कमकुवत होतो. गाडीत आधीपासून बसलेल्याचे हित आणि फलाटावर उभ्या असलेल्याचे हित यांतील हा संघर्ष उपनगरी रेल्वेच्या इतिहासात सातत्याने आढळतो.

दुसरी बाब मार्गिकेच्या क्षमतेची आहे. एकाच रुळावर सर्व गाड्या सारख्याच स्थानकांवर थांबत असतील, तर त्या तीन-चार मिनिटांच्या अंतराने एकामागोमाग सोडता येतात. त्याच रुळावर जलद गाडी आणली, तर ती पुढील धीम्या गाडीला गाठते. तिच्यासाठी पुढे मोठे अंतर मोकळे ठेवावे लागते आणि एकूण गाड्यांची संख्या घटते. म्हणून जलद-धीम्या विभागणीसाठी स्वतंत्र मार्गिका, म्हणजे किमान चार रूळ, आवश्यक ठरतात. १९०४ साली सुरू झालेल्या न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत प्रारंभापासूनच चार रूळ टाकण्यामागे हाच विचार होता. मुंबईत ही सोय टप्प्याटप्प्याने व असमान रीतीने झाली.

प्रारंभीचा काळ : १८५३ ते १९२५

१८५३ च्या पहिल्या गाडीने वाटेत शीव येथे इंजिनांसाठी पाणी घेतल्याचे सांगितले जाते. प्रारंभीच्या रेल्वेत प्रवाशांच्या गरजेइतकाच इंजिनाच्या पाण्या-कोळशाचा प्रश्न थांबा ठरवीत असे. १८५४ मध्ये हा मार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. त्या काळी बोरीबंदर ते कल्याण या पट्ट्यात दाट वस्ती अशी मुंबई बेटाच्या दक्षिण भागातच होती. शिवाच्या खाडीपलीकडे मिठागरे, भातशेती आणि विखुरलेली गावे होती.

बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेने १२ एप्रिल १८६७ रोजी विरार ते बॅक बे ही गाडी सुरू केली. पश्चिम मार्गावरील उपनगरी सेवेचा हा प्रारंभ मानला जातो. प्रत्येक दिशेने दिवसाला एक एवढीच ही सेवा होती. नाला, वसई, पाणजू, बोरिवली, पहाडी, अंधेरी, वांद्रे, माहीम, दादर, ग्रँट रोड ही तिच्या थांब्यांतील काही नावे होत. यांपैकी ‘नाला’ हे पुढे नालासोपारा झाले, ‘पहाडी’ हे गोरेगाव परिसरातील गावाचे नाव होते, तर दोन खाड्यांमधील पाणजू बेटावरील थांबा काळाच्या ओघात नाहीसा झाला. आज चर्चगेट ते विरार दरम्यान एकूण २९ स्थानके आहेत. ही वाढ एकदम झालेली नाही. वस्ती वाढत गेली तसतशी जुन्या दोन थांब्यांच्या मध्ये नवी स्थानके उघडत गेली. १९२४ साली उघडलेले खार हे त्याचे ठळक उदाहरण होय. प्रत्येक नवे स्थानक तेथील रहिवाशांसाठी सोय, तर त्यापलीकडील प्रवाशांसाठी वाढीव मिनिट असे दुहेरी स्वरूप घेऊन आले. स्थानके वाढत गेली, तशी त्यांतील काही गाळून जाणाऱ्या गाडीची गरज निर्माण झाली. या अर्थाने जलद गाडी हे स्थानकांच्या वाढीचेच अपत्य म्हणता येईल.

विद्युतीकरण आणि चार मार्गिका

३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या हार्बर मार्गावर भारतातील पहिली विद्युत गाडी धावली. १९२८ साली पश्चिम मार्गावर कुलाबा ते बोरिवली विद्युत सेवा सुरू झाली आणि १९३६ पर्यंत ती विरारला पोहोचली. थांब्यांच्या दृष्टीने विद्युतीकरणाचे महत्त्व विशेष आहे. वाफेच्या इंजिनाला प्रत्येक थांब्यानंतर वेग घेण्यास बराच वेळ लागे. विद्युत गाडी वेग लवकर घेत असल्याने एका थांब्याची किंमत कमी झाली. त्यामुळे एक-दीड किलोमीटर अंतरावरील स्थानकांची साखळी व्यवहार्य ठरली.

याच सुमारास मुंबई सेंट्रल स्थानक (डिसेंबर १९३०) उघडले आणि १९३० च्या अखेरीस कुलाब्यापर्यंतचा मार्ग बंद झाला. लांब पल्ल्याच्या गाड्या मुंबई सेंट्रलला थांबू लागल्या आणि चर्चगेट हे उपनगरी गाड्यांचे टोक बनले. उपनगरी आणि लांब पल्ल्याच्या वाहतुकीची अशी स्थानकनिहाय फारकत झाली, तरी मार्गिकांवर ती पूर्णपणे कधीच झाली नाही. जलद मार्गावर मेल-एक्सप्रेस आणि जलद लोकल या दोहोंना दीर्घकाळ एकत्र धावावे लागले.

चार मार्गिकांच्या काळात फलाट कोठे बांधले, या निर्णयाला अनन्यसाधारण महत्त्व प्राप्त झाले. या संदर्भात दोन प्रकारची स्थानके आढळतात. पहिल्या प्रकारात चारही रुळांना फलाट आहेत, मात्र वेळापत्रकानुसार सर्वच जलद गाड्या तेथे थांबत नाहीत. पश्चिम मार्गावरील सांताक्रूझ, मालाड, कांदिवली ही स्थानके या प्रकारात मोडतात. दुसऱ्या प्रकारात जलद मार्गाला फलाटच नाही. मध्य मार्गावरील मशीद, चिंचपोकळी, करी रोड, तसेच पश्चिम मार्गावरील माटुंगा रोड ही त्याची उदाहरणे होत. रविवारच्या मेगाब्लॉकमध्ये हा फरक सर्वसामान्य प्रवाशालाही जाणवतो. धीम्या गाड्या जलद मार्गावर वळवल्या, की कोणत्या स्थानकांवर गाडी थांबणार नाही याची यादी जाहीर होते. ती यादी म्हणजे फलाट नसलेल्या स्थानकांची यादीच असते. पहिल्या प्रकारातील थांबा कागदावरील दुरुस्तीने मिळू शकतो, दुसऱ्या प्रकारातील थांब्यासाठी जमीन, निधी आणि काही वर्षांचा काळ लागतो. प्रस्तुत निबंधात या दोहोंना अनुक्रमे ‘कागदावरचा थांबा’ व ‘दगडातला थांबा’ असे संबोधले आहे.

पारसिक बोगदा आणि त्यामागे राहिलेली स्थानके

‘दगडातल्या थांब्या’चे सर्वांत बोलके उदाहरण ठाणे ते डोंबिवली या पट्ट्यात सापडते. ठाण्यापुढे पारसिकचा डोंगर आडवा येतो. मूळ मार्ग डोंगराला वळसा घालून मुंब्र्यावरून जात असे. १९१६ साली पूर्ण झालेल्या सुमारे १.३ किलोमीटर लांबीच्या पारसिक बोगद्यामुळे डोंगरातून थेट मार्ग उपलब्ध झाला. हा बोगदा त्या काळातील महत्त्वाची अभियांत्रिकी कामगिरी होती. पुढे बोगद्यातील रूळ जलद मार्ग ठरले, तर मुंब्र्याकडील जुना मार्ग धीम्या गाड्यांकडे राहिला.

परिणामी कळवा व मुंब्रा ही दोन स्थानके जलद मार्गापासून भौगोलिकदृष्ट्याच तुटली. त्यापुढील दिवा स्थानकाजवळून जलद मार्ग जात असला, तरी त्याला तेथे फलाट नव्हता. १९१६ च्या परिस्थितीत या रचनेत कोणालाही अन्याय दिसण्याचे कारण नव्हते, कारण तेथे प्रवासीच अत्यल्प होते. मात्र विसाव्या शतकाच्या अखेरीस चित्र पालटले. मुंबईतील घरांच्या किमती आवाक्याबाहेर गेल्याने कामगार व निम्नमध्यमवर्गीय कुटुंबे या पट्ट्यात स्थिरावली. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतील अनेक मुस्लिम कुटुंबांनी मुंब्र्यात आश्रय घेतला. दिवा येथे पनवेल-रोहा आणि वसई या दोन्ही दिशांचे मार्ग मिळतात. त्यामुळे कोकणाशी नाते टिकवून असलेल्या कुटुंबांनाही ते सोयीचे वाटले. वस्ती वाढली, परंतु कल्याण-डोंबिवलीहून भरून येणाऱ्या जलद गाड्या या तीनही स्थानकांना वगळून जात राहिल्या. येथील रहिवाशांना डोंबिवलीनंतर आधीच भरलेल्या धीम्या गाडीत शिरकाव करणे अथवा ठाण्यास जाऊन गाडी बदलणे, एवढेच पर्याय उरले. कळव्यातील काही प्रवासी तर कारशेडमधून ठाण्याकडे निघणाऱ्या रिकाम्या गाड्यांत चढत असत. अधिकृत थांबा नसेल, तर प्रवासी अनधिकृत थांबा शोधतात, हे त्यावरून स्पष्ट होते.

या असंतोषाचा उद्रेक २ जानेवारी २०१५ रोजी दिवा येथे झाला. सकाळच्या गर्दीच्या वेळी तांत्रिक बिघाडामुळे गाड्या खोळंबल्या, प्रवासी रुळांवर उतरले आणि आंदोलनाला हिंसक वळण लागले. वाहनांची जाळपोळ झाली आणि मध्य रेल्वेची वाहतूक कित्येक तास ठप्प राहिली. तात्कालिक कारण बिघाडाचे असले, तरी दिव्याला जलद गाड्यांचा थांबा मिळावा ही मागणी जुनी होती. हिंसेचे समर्थन कोणत्याही प्रकारे करता येणार नाही. तथापि, ज्या प्रवाशाच्या डोळ्यांदेखत दर काही मिनिटांनी न थांबणारी गाडी धडधडत जाते, त्याच्या मनातील भावना समजून घेतल्याखेरीज या घटनेचे विश्लेषण अपूर्ण राहील.

रेल्वे प्रशासनाची अडचणही दुर्लक्षिण्याजोगी नव्हती. दिव्यातील रेल्वे फाटक उघडण्यास लागणाऱ्या वेळामुळे वेळापत्रक आधीच विस्कळीत होत असे. जलद मार्गावरील काही गाड्यांना थांबा व काहींना नाही, अशी रचना केल्यास मागून येणाऱ्या गाडीला ताटकळावे लागते. शिवाय थांबा देण्यासाठी रूळ सरकवून फलाट बांधणे अपरिहार्य होते. हे काम पूर्ण होऊन डिसेंबर २०१६ मध्ये काही जलद गाड्या दिव्याला थांबू लागल्या.

ठाणे-दिवा दरम्यानच्या पाचव्या-सहाव्या मार्गिका १८ फेब्रुवारी २०२२ रोजी राष्ट्रार्पण झाल्या. त्यानंतर पारसिक बोगदा मुख्यतः लांब पल्ल्याच्या गाड्यांकडे गेला आणि जलद लोकल कळवा-मुंब्र्याकडील नव्या मार्गाने धावू लागल्या. जलद गाडी शंभर वर्षांनी या स्थानकांच्या शेजारी आली. तरीही थांबा लगेच मिळाला नाही. ऑक्टोबर २०२४ च्या वेळापत्रकात गर्दीच्या वेळच्या मोजक्या जलद गाड्यांना कळवा व मुंब्रा येथे थांबे देण्यात आले. म्हणजे ‘दगडातला’ अडथळा दूर झाल्यावर ‘कागदावरचा’ अडथळा पुढे आला. गाड्या आधीच भरून येत असल्याने नव्या थांब्याचा प्रत्यक्ष लाभ किती जणांना होतो, हा प्रश्नही कायम राहिला. ९ जून २०२५ रोजी मुंब्रा स्थानकाजवळील वळणावर परस्परविरुद्ध दिशेने जाणाऱ्या दोन जलद लोकलच्या दारांत लटकलेले प्रवासी खाली पडले व त्यांतील काहींना प्राण गमवावे लागले. या पट्ट्यातील गाड्यांत शिरण्याची किंमत काय आहे, हे या घटनेने दाखवून दिले.

गिरणगाव : शहर बदलले, थांबे तेच

थांब्यांची रचना शहरातील बदलांच्या मागे पडते, याचे दुसरे उदाहरण गिरणगावात मिळते. चिंचपोकळी, करी रोड, परळ, लोअर परळ, एल्फिन्स्टन रोड या स्थानकांचा परिसर म्हणजे कापड गिरण्यांचा परिसर होय. गिरणी कामगार बहुतांशी गिरणीच्या आसपासच्या चाळींत राहत आणि भोंग्याच्या आवाजावर पायी कामाला जात. दुरून गाडीने येणाऱ्यांचे प्रमाण मर्यादित असल्याने या स्थानकांवर प्रामुख्याने धीम्या गाड्या थांबणे पुरेसे होते. जलद गाड्या भायखळा, मुंबई सेंट्रल व दादर येथे थांबत आणि मधला भाग ओलांडून जात.

जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. १९९० नंतर त्यांच्या जागी कार्यालयीन संकुले, वाहिन्यांची दालने व व्यापारी केंद्रे उभी राहिली. चाळीतून पायी येणाऱ्या कामगाराची जागा विरार, कल्याण, पनवेल येथून गाडीने येणाऱ्या कर्मचाऱ्याने घेतली. मात्र फलाट, पूल आणि थांबे गिरणी-काळातीलच राहिले. जलद गाडीने आलेल्या प्रवाशाला दादरला उतरून धीमी गाडी धरावी लागते. त्यामुळे दादरच्या पुलांवर आणि गिरणगावातील अरुंद जिन्यांवर असा दुहेरी ताण निर्माण झाला. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जणांचा मृत्यू झाला. या दुर्घटनेचा दोष थांब्यांच्या रचनेवर टाकणे योग्य होणार नाही. ती पुलाच्या क्षमतेशी संबंधित घटना होती. तथापि, कामगार वस्तीसाठी बांधलेली स्थानके कार्यालयीन शहराचा भार वाहत होती, हे वास्तव तिने अधोरेखित केले. फेब्रुवारी २०१८ मध्ये लष्कराने बांधलेला नवा पूल खुला झाला. मार्च २०१९ मध्ये परळ टर्मिनस सुरू झाले आणि ऑक्टोबर २०२४ पासून दादरहून सुटणाऱ्या काही गाड्या परळहून सुटू लागल्या. गाडी सुरू होण्याचे ठिकाण बदलणे हाही थांब्यांच्या पुनर्रचनेचाच एक प्रकार आहे. जेथून गाडी सुटते तेथील प्रवाशाला बसायला जागा मिळते आणि पुढच्या स्थानकावरील प्रवाशाची ती जागा जाते.

पश्चिम व हार्बर मार्ग : दोन भिन्न अनुभव

पश्चिम मार्गावर चार मार्गिका दीर्घकाळ बोरिवलीपर्यंतच होत्या. त्यापुढे विरारपर्यंत दोनच रुळांवर लोकल आणि लांब पल्ल्याच्या गाड्या धावत. १९८० नंतर मीरा रोड, भाईंदर, वसई, नालासोपारा, विरार येथे वस्ती झपाट्याने वाढली. विरारहून येणारी जलद गाडी बोरिवलीला थांबली, की तेथील प्रवाशांना दारातून आत शिरणे दुरापास्त होई. उलट संध्याकाळी बोरिवलीस उतरणाऱ्याने विरार गाडीत चढूच नये, असा अलिखित दंडक प्रवाशांच्या गटांनी निर्माण केला. वेळापत्रकाने दिलेला थांबा गाडीतील गर्दी कशी काढून घेते, याचे हे उदाहरण होय. मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पांतर्गत बोरिवली-विरार चौपदरीकरण २००७ साली पूर्ण झाले आणि हा ताण काही अंशी हलका झाला. या प्रकल्पासाठी केंद्र व राज्य शासनाच्या भागीदारीत १९९९ साली मुंबई रेल्वे विकास महामंडळाची स्थापना झाली होती.

हार्बर मार्गावर दोनच मार्गिका असल्याने तेथे सर्वसाधारणपणे प्रत्येक गाडी प्रत्येक स्थानकावर थांबते. त्यामुळे पनवेलच्या प्रवाशाला दीर्घ प्रवास करावा लागतो, परंतु मधल्या स्थानकांवरील प्रवाशाला वगळले गेल्याची भावना नसते. समानता आणि वेग यांपैकी एकाची निवड करावी लागते, हे या दोन मार्गांच्या तुलनेतून दिसून येते.

अलीकडील घडामोडी

एकविसाव्या शतकात थांब्यांच्या रचनेवर तीन नव्या घटकांचा प्रभाव पडला. पहिला घटक गाडीच्या लांबीचा. पश्चिम रेल्वेवर २००९ मध्ये व मध्य रेल्वेवर २०१२ मध्ये पंधरा डब्यांच्या गाड्या सुरू झाल्या. लांब फलाट मोजक्याच स्थानकांवर असल्याने त्या जलद मार्गावर धावल्या. अंधेरी-विरार धीम्या मार्गावर त्या जून २०२१ मध्ये आल्या. म्हणजे क्षमतावाढीचा पहिला लाभ पुन्हा जलद स्थानकांनाच मिळाला. दुसरा घटक नव्या स्थानकांचा. नाहूर (२००६) व राम मंदिर (२०१६) ही स्थानके धीम्या मार्गावर उघडली. त्यांनी स्थानिकांची दीर्घकालीन गरज भागवली, त्याचबरोबर धीमा मार्ग आणखी धीमा झाला. तिसरा घटक डिसेंबर २०१७ पासून धावू लागलेल्या वातानुकूलित गाड्यांचा. त्यांचे दरवाजे बंद झाल्याखेरीज गाडी हलत नाही. त्यामुळे धावती गाडी पकडण्याची मुंबईची जुनी सवय तेथे चालत नाही आणि गर्दीत थांब्याचा अवधी लांबतो.

कोविड काळातील अनुभवही उद्बोधक आहे. मार्च २०२० मध्ये उपनगरी सेवा बंद झाली आणि १५ जून २०२० पासून अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी मर्यादित गाड्या सुरू झाल्या. त्या वेळी पश्चिम मार्गावरील गाड्या चर्चगेट-बोरिवली दरम्यान जलद व त्यापुढे धीम्या अशा चालवण्यात आल्या, तर मध्य मार्गावर प्रमुख स्थानकांवरच थांबे ठेवण्यात आले. साधने अपुरी पडली, की प्रथम कोणते थांबे वगळले जातात, हे यातून प्रकट झाले.

निष्कर्ष

१. जलद-धीम्या विभागणीचा उगम स्थानकांच्या वाढत्या संख्येत आहे. नवी स्थानके उघडत गेली, तशी ती गाळून जाणारी गाडी आवश्यक बनली.
२. थांबा हे वेळेच्या वाटपाचे साधन आहे. दूरच्या प्रवाशाची वाचलेली मिनिटे मधल्या स्थानकावरील प्रवाशाच्या प्रतीक्षेतून येतात.
३. कळवा, मुंब्रा व दिवा यांच्या उदाहरणावरून १९१६ मधील मार्गरचनेचा परिणाम शंभर वर्षांनंतरच्या वस्तीवर झाल्याचे दिसते. त्यामुळे गृहीतकास पुष्टी मिळते.
४. ‘दगडातला थांबा’ मिळाल्यानंतर ‘कागदावरचा थांबा’ आपोआप मिळत नाही, आणि तोही मिळाला तरी भरलेल्या गाडीत जागा मिळेलच असे नाही. या तीन पायऱ्या स्वतंत्रपणे अभ्यासणे आवश्यक आहे.
५. रोजगाराचे केंद्र बदलते तेव्हा थांबे व पादचारी सुविधा यांचा फेरविचार त्याच वेळी होणे गरजेचे असते. गिरणगावात तो दोन दशकांहून अधिक काळ उशिरा झाला.

समारोप

मुंबईच्या इतिहासलेखनात रेल्वे ही शहराला जोडणारी शक्ती म्हणून गौरवली गेली आहे आणि ते यथार्थच आहे. मात्र जोडण्याच्या या प्रक्रियेत काही ठिकाणे आधी जोडली गेली, काही उशिरा, तर काही स्थानकांसमोरून गाडी दशकानुदशके केवळ निघून गेली. नवीन मार्गिका, मेट्रो व नवी टर्मिनस यांचे नियोजन करताना फलाट कोठे असावा, हा निर्णय आजच्या लोकसंख्येपुरता पाहून चालणार नाही. आज ओसाड दिसणाऱ्या जागेवर उद्या कोणाची वस्ती होईल, हे १९१६ च्या अभियंत्यांना ठाऊक असणे शक्य नव्हते. त्यांच्या निर्णयाचे परिणाम पाहिलेल्या आजच्या नियोजनकर्त्यांना मात्र ती सबब सांगता येणार नाही. स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांनी आपापल्या परिसरातील स्थानकांची जुनी वेळापत्रके, प्रवासी संघटनांची निवेदने व ज्येष्ठ प्रवाशांच्या आठवणी संकलित केल्यास या दुर्लक्षित विषयाच्या सखोल अभ्यासाला निश्चितच चालना मिळेल.